‘सामाजिक अडचण: नाही’ या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा?

प्रश्न आला आहे तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकारी मॅडमकडून. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची सामाजिक माहिती त्यांच्याकडे वर्षभर संगणकावर भरली जाते आहे: घर, व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न, पाणी, कुटुंब, व्यसन. वर्ष संपल्यावर आकडे काढले, तर बहुतेकांचा व्यवसाय ‘शेती’, घर ‘पक्कं’ आणि शेवटच्या रकान्यात ‘सामाजिक अडचण: नाही’. गरिबीचा आणि रक्तदाब आटोक्यात राहण्याचा काही संबंधही दिसत नाही. हे खरं मानायचं का, आणि माहितीच खराब असेल तर दुरुस्ती कुठून सुरू करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, निष्कर्ष मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेने सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ साली जगभरचा पुरावा समोर ठेवला होता. माणूस कुठे राहतो, काय काम करतो, काय खातो याचा त्याच्या आजारपणाशी आणि आयुर्मानाशी थेट संबंध आहे. तो नेमका तुमच्याच तालुक्यात नसेल, याची शक्यता फार कमी. जास्त शक्यता अशी की नोंदींत गरीब आणि बऱ्या स्थितीतले यांची सरमिसळ झाली आहे. अशी सरमिसळ झाली की दोन्ही गट एकमेकांसारखे दिसू लागतात आणि असलेला फरकही आकड्यांत पुसट होतो. संख्या वाढवून हे बरं होत नाही. दहा हजार रुग्णांची माहिती याच पद्धतीने भरलीत तरी उत्तर हेच येईल, फक्त ते जास्त ठाम वाटेल.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. सामाजिक माहिती म्हणजे कुणीतरी, कुणासमोर तरी, एका विशिष्ट दिवशी दिलेलं उत्तर. आपण मात्र ती त्या माणसाचा कायमचा गुण असल्यासारखी लिहून ठेवतो. तारीख नसलेला रक्तदाबाचा आकडा तुम्ही औषध ठरवायला वापरणार नाही. इथेही तोच नियम लावा. प्रत्येक उत्तरासोबत तीन गोष्टी हव्यात: कधी विचारलं, कुणी उत्तर दिलं (रुग्णाने, सुनेने, की आशाताईंनी) आणि ते कळलं कसं (विचारून, पाहून, की कागदावरून). हे तीन रकाने नसतील तर पुढची सगळी दुरुस्ती वरवरची राहते.

आता तुमच्या ‘नाही’कडे बघू. आधी एक साधी तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. नोंदी रुग्णानुसार न लावता नोंद भरणाऱ्यानुसार लावा. एकाच्या सगळ्या नोंदींत ‘पक्कं घर’ आणि दुसऱ्याच्या नोंदींत घरांचे चार प्रकार दिसले, तर तुम्हाला रुग्णांमधला फरक दिसत नसून भरणाऱ्यांमधला दिसतो आहे. मग तारखेनुसार लावा. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत नोंदींचा ढीग पडलेला असेल, तर त्या नोंदी रुग्णासमोर बसून झालेल्या नाहीत. उत्पन्न आणि वय गोल आकड्यांवर थबकतात का तेही पाहा. सगळे पाच हजार, दहा हजार, आणि वयं ५०, ५५, ६० असतील तर तो अंदाज आहे. आणि संगणकात तो रकाना उघडताना आधीच ‘नाही’ निवडलेला असतो का, हे स्वतः बसून बघा. पुष्कळ ठिकाणी मूळ दुखणं एवढंच असतं.

या ‘नाही’चं नीट वर्गीकरण करा. ‘विचारलं नाही’, ‘विचारलं, अडचण नाही’, ‘सांगायचं नाही म्हणाले’ आणि ‘माहीत नाही म्हणाले’ ही चार वेगळी उत्तरं आहेत. आज ती चारही ‘नाही’ या एका पर्यायात कोंबली आहेत. ‘सांगायचं नाही’ हे उत्तर मला स्वतःला फार मोलाचं वाटतं. कर्जाच्या किंवा दारूच्या प्रश्नावर एखाद्या वाडीतून ते वारंवार येत असेल, तर तिथे विचारायची पद्धत बदलायला हवी, एवढं तरी त्यातून कळतं.

यापुढचं मात्र आपल्या किनाऱ्याचं आहे. बाहेरून आलेल्या फॉर्ममध्ये ते कधीच बसत नाही.

सगळ्यात आधी कुटुंब. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. आदल्या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे: कामाच्या वयाची माणसं मुंबईत, ठाण्यात, पुण्यात. रेशनकार्डावर सहा नावं असतात आणि घरात सत्तरीची आजी एकटी असते. फॉर्म भरणारा कार्ड बघून ‘कुटुंबातील व्यक्ती: ६’ लिहितो. गणपतीत किंवा शिमग्यात सर्वेक्षण झालं तर सहाही जण प्रत्यक्ष दिसतात आणि चुकीच्या नोंदीला डोळ्यांदेखत पुरावा मिळतो! याच आजीचा रक्तदाब वर-खाली होत राहतो, कारण गोळ्या संपल्यावर आणून देणारं कुणी नाही. ती एकटी आहे हे तुमच्या माहितीत कुठेच नाही.

म्हणून ‘कुटुंबात किती जण’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी ‘काल रात्री घरात कोण कोण झोपलं होतं?’ आणि ‘रात्री-अपरात्री बरं वाटलं नाही तर दवाखान्यात कोण आणतं?’ असे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘शेजारची पोरं’ असं येतं तेव्हा ते तसंच लिहा. मुंबईहून महिन्याला पैसे येतात का, हा तिसरा प्रश्न. पैसे येणं आणि माणूस जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही.

दुसरा मोठा घोळ व्यवसायाचा. आपल्याकडे ‘शेती’ लिहिलेला माणूस पावसात भात लावतो, ऑक्टोबरनंतर आंब्याच्या बागेत फवारणीला जातो, मार्च ते मे तोडणी आणि पेटी भरणं करतो, आणि मधल्या काळात चिऱ्याच्या खाणीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली असतो. बायकांच्या बाबतीत तर ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतात. मग काजूच्या कारखान्यात बी फोडून हात भाजून घेणारी गृहिणी, बंदरावर पहाटे मासळी घेऊन दुपारपर्यंत डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी गृहिणी, आणि काजूच्या बागेत बिया वेचणारीही गृहिणीच. हा घोळ महागात पडू शकतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तो आजार गोचिडांमुळे पसरतो, त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो, आणि काजूच्या बागांत, जंगलाकडेला जाणाऱ्यांना धोका जास्त. ज्या माहितीत काजू वेचणारी बाई ‘गृहिणी’ आहे, त्या माहितीवरून कुणाला आधी सावध करायचं हे ठरवता येणार नाही.

व्यवसायाचं नाव विचारूच नका. ‘गेल्या सात दिवसांत काय काय काम केलंत?’ असं विचारा, दोन-तीन कामं लिहायला जागा ठेवा आणि महिना नोंदवा. खलाशांच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत विचारलं तर ‘काम नाही’, डिसेंबरात विचारलं तर ‘मासेमारी’, दोन्ही खरं. शिवाय कर्नाटक, आंध्र, उत्तर प्रदेश, नेपाळ इथून आलेले खलाशी आणि हापूसच्या बागांतले नेपाळी राखणदार तुमच्या ओपीडीत येतात, औषध घेतात आणि निघून जातात. त्यांच्या नोंदीत पत्ता म्हणून बोटीच्या किंवा बागेच्या मालकाचा पत्ता असतो. त्यामुळे गावाचे आकडे काढताना त्यांची गरिबी मालकाच्या वाडीत जमा होते. ‘सध्या मुक्काम’ आणि ‘मूळ गाव’ असे दोन रकाने ठेवा. रायगडातल्या ज्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तिथेही हे दोन रकाने लागतीलच.

पाण्याचंही असंच आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. ऑगस्टमध्ये भरलेली ‘विहीर, घराजवळ’ ही नोंद ऑगस्टपुरती खरी. मेमध्ये तीच बाई अर्धा डोंगर उतरून हंडे आणते, आणि त्या दिवसांत तिची दवाखान्याची तारीख चुकते. पाणी आणि कमाई या दोन गोष्टी वर्षातून दोनदा विचाराव्यात, एकदा पावसात आणि एकदा उन्हाळ्यात. बाकीच्या वर्षातून एकदा विचारल्या तरी चालतील.

घराबद्दल थोडक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत शेणाने सारवलेली जमीन: याला एक कर्मचारी ‘पक्कं’ म्हणतो, दुसरा ‘अर्धपक्कं’, तिसरा ‘कच्चं’. भिंत, छप्पर आणि जमीन वेगवेगळी लिहा. पक्कं-कच्चं नंतर संगणक ठरवेल. आणि तारीख! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती घरांची छपरं गेली, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात पाणी कुठवर चढलं, हे तुम्हाला सांगायला नको. त्याआधीच्या नोंदींत ती सगळी घरं अजून ‘पक्की’च असणार. मोठं संकट येऊन गेलं की त्या गावांच्या घर, पाणी आणि कमाईच्या जुन्या नोंदी आपोआप ‘पुन्हा विचारा’ या यादीत गेल्या पाहिजेत. संगणकवाल्याला हे एका दिवसाचं काम आहे.

इंधनाचा प्रश्न आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये (तिशीपुढच्या माणसांना असलेला आजारांचा धोका घरोघर तपासायचा तक्ता) आहेच. तिथे ‘गॅस’ लिहिलेलं असतं, कारण २०१६ नंतर उज्ज्वलाची जोडणी पुष्कळ घरांत आली. पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. त्यात चुडतं, सोडणं, करवंट्या असं बागेतलं फुकटचं जळण घातलं जातं. भात-आमटी चुलीवर आणि चहा गॅसवर, हेही सर्रास. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णाला ‘गॅस आहे का’ विचारून काही हाती लागत नाही. ‘आज सकाळी चूल कशाकशासाठी पेटवली?’ असं विचारा.

आता गरिबी, कारण तुमच्या विश्लेषणाचा सगळा भार तिच्यावर होता. तुम्ही रेशनकार्डाचा रंग वापरला असावा असं दिसतं. पिवळ्या कार्डाची मर्यादा वार्षिक १५ हजारांची आणि केशरी कार्डाची एक लाखाची. ही मर्यादा ठरल्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली. कार्ड निघालं तेव्हाची परिस्थिती वेगळी, नंतर भावाभावांत वाटण्या झाल्या, कार्ड मोठ्याकडे राहिलं. काहींचं कार्ड मुंबईच्या पत्त्यावर. कार्डाचा रंग योजनेची पात्रता बघायला वापरा. आजची गरिबी मोजायला तो चालत नाही.

सामाजिक-आर्थिक स्तराच्या मोजपट्ट्यांबाबतही एक सांगायला हवं. कुप्पुस्वामींची १९७६ ची पट्टी शहरी कुटुंबांसाठी बनवलेली. ती गावात लावली तर निकाल फसवे येतात. बी. जी. प्रसाद यांची १९६१ ची पट्टी गावातही चालते, पण तिचे उत्पन्नाचे गट दरवेळी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार बदलावे लागतात. नोंदीत नुसतं ‘स्तर ३’ असेल आणि कोणत्या वर्षाचे गट वापरले ते नसेल, तर दोन वर्षांची तुलना करता येत नाही. मूळ रुपयांचा आकडा आणि खाणारी माणसं साठवा, स्तर नंतर काढा.

तरी उत्पन्नाच्या प्रश्नाचं उत्तर खरं येईल अशी फार आशा ठेवू नका. सरकारी दवाखान्यात, सरकारी टेबलासमोर कमाई विचारली की माणसाच्या मनात योजना येते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्यापेक्षा चणचण विचारा. ‘गेल्या महिन्यात पैसे नव्हते म्हणून गोळ्या थांबल्या का?’ ‘भाड्याला पैसे नव्हते म्हणून तारीख चुकली का?’ ‘जेवणात काही कमी करावं लागलं का?’ लोक याची उत्तरं बऱ्यापैकी खरी देतात, आणि तुम्हाला उपचारासाठी हवं असतं तेही हेच. भाड्याच्या उत्तराला तारीख इथेही लागते: १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं, त्याआधीचं उत्तर आज लागू पडेलच असं नाही.

अंतर किलोमीटरमध्ये नोंदवत असाल तर ते थांबवा. नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं अंतर खाड्यांच्या मुलखात निरर्थक ठरतं. तवसाळहून जयगड पाण्यापलीकडे दिसतं आणि फेरीबोटीने काही मिनिटांत पोचता येतं. तेच रस्त्याने जायचं तर सगळा वळसा पडतो. दाभोळ-धोपावेचंही तसंच. ‘आज घरून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत किती वेळ लागला आणि किती पैसे गेले?’ हा एक प्रश्न पुरेसा आहे.

कुणासमोर विचारलं, याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ओपीडीच्या रांगेत, सासू शेजारी असताना, सुनेला घरातल्या मारहाणीबद्दल किंवा नवऱ्याच्या दारूबद्दल विचारलं तर ‘नाही’ याशिवाय दुसरं उत्तर येऊच शकत नाही. त्या ‘नाही’ची नोंद करणं अपुरं तर आहेच, घातकही आहे. पुढचा डॉक्टर ते वाचून पुन्हा विचारत नाही. आशाताई गावातल्याच, पुष्कळदा भावकीतल्या. पाणी, शौचालय, चूल, घर या गोष्टी त्या बघून सांगतात आणि त्यांची नोंद आपल्या टेबलावरच्या नोंदीपेक्षा चांगली असते. पण कर्ज, दारू, मारहाण, क्षयरोगाची लाज या गोष्टी त्यांना विचारायला लावणं त्यांच्यावरही अन्याय आणि रुग्णावरही. हे प्रश्न समुपदेशकाने, दार लावून, रुग्ण एकटा असताना विचारावेत. आणि ती उत्तरं सगळ्या कर्मचाऱ्यांना पडद्यावर दिसता कामा नयेत.

जातीचा प्रश्न याला लागूनच येतो. आपल्याकडे वाडीच्या नावावरून जात ओळखून रकाना भरायची सवय आहे. ती बंद करा. जात लिहायची तर रुग्णाने स्वतः सांगितलेली, आणि तीही कशासाठी हवी ते सांगून. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे तुमच्या माहितीत एकच वाडी दोन नावांनी असू शकते. प्रत्येक वाडीला नावापासून स्वतंत्र असा एक क्रमांक द्या आणि जुनं-नवं नाव त्या क्रमांकाला जोडा. गावाचा सरकारी क्रमांक आहेच. वाडीचा तुम्हालाच करावा लागेल.

अशा अडचणी नोंदवायच्या संकेतांकांबद्दलही सांगते. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, झेड ५५ ते झेड ६५ हे गट याच कामासाठी आहेत: शिक्षण, रोजगार, घर आणि पैशाची स्थिती, एकटं राहणं वगैरे. ते वापरा, पण त्यांवर विसंबू नका. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या रुग्णांत २०१९ साली हे संकेतांक दोन टक्क्यांहूनही कमी लोकांच्या नोंदीत होते. तिथे अडचणी कमी होत्या असं कुणी म्हणणार नाही. संकेतांकाशेजारी रुग्णाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत राहू द्या. ‘घरात कोण नाय, झील मुंबैक आसा’ (मुलगा मुंबईला आहे) हे वाचून पुढच्या डॉक्टरला जे कळतं ते झेड ६०.२, म्हणजे ‘एकटं राहणं’, या संकेतांकावरून कळत नाही.

माहिती सुधारते आहे का, हे तपासायला दर महिन्याला तीस-चाळीस रुग्णांना दुसऱ्या कर्मचाऱ्याने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, दोनेक आठवड्यांच्या आत, म्हणजे परिस्थितीच बदलल्याची शंका राहणार नाही. दोन्ही उत्तरं किती जुळतात ते प्रत्येक प्रश्नासाठी वेगळं काढा. योगायोगाने जुळणारा भाग वगळून जुळणी सांगणारा ‘कप्पा’ (kappa) हा संख्याशास्त्रातला आकडा जरूर काढा, पण ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळे एकच उत्तर देतात तिथे तो उगाच कमी येतो. तिथे साधी टक्केवारीही सोबत बघा. जो प्रश्न तीन महिने जुळत नाही तो बदला किंवा काढा. जमलं तर त्यातल्या पाच-सहा घरी स्वतः जाऊन या.

हे सगळं टिकेल की नाही ते एका गोष्टीवर ठरतं: भरणाऱ्याला त्याचा उपयोग दिसतो का. ‘गोळ्या थांबल्या: हो’ लिहिल्यावर त्याच दिवशी दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, ‘एकटी राहते’ लिहिल्यावर आशाताईंच्या भेटीच्या यादीत नाव गेलं, क्षयरुग्णाच्या ‘जेवणात कमी’ या उत्तरानंतर निक्षय पोषण या क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याचे हजार रुपये खात्यात जमा होतात का ते कुणी तपासलं, तर पुढच्या वेळी परिचारिका तो प्रश्न मनापासून विचारते. ज्या उत्तरावर तुमच्या रुग्णालयात कुणीच काही करणार नाही, तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही असं मी मानते. तुमच्या फॉर्ममधले निम्मे प्रश्न याच कसोटीवर गळतील, आणि ते गळू द्या.

गेल्या वर्षीच्या नोंदी पुसू नका. त्या सगळ्यांवर ‘स्रोत अज्ञात’ अशी खूण करा, नव्या रकान्यांत त्यातलं काहीही आपोआप ओढून आणू नका, आणि वय, लिंग, गाव याखेरीज त्यातलं काही विश्लेषणाला घेऊ नका. नवी पद्धत आधी फक्त रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सुरू करा, एका पावसाळ्यातून आणि एका उन्हाळ्यातून जाऊ द्या. गरिबीचा आणि रक्तदाबाचा प्रश्न त्यानंतर पुन्हा काढा. तेव्हा ‘गोळ्या थांबल्या का’ हा रकाना सर्वांत आधी तपासा.